शाळेत डोळे तपासले, चष्मे आले, मग ते पोरांच्या नाकावर का नाहीत?

खडूवाला (चोपडा तालुका)

नमस्कार मंडळी. इथं मी बहुतेक वाचनमात्रच असतो. पण हा विषय शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला की दोन अंगठे आणि एक हात जोडलेला येतो, पुढे काही नाही. म्हणून धागा काढतोय.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातपुड्याच्या पायथ्याशी, पहिली ते आठवी. वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. २०१३ पासूनची योजना आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. पथकात दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक औषधनिर्माता. वजन-उंची, दात, कान, त्वचा, छातीचे ठोके आणि त्याच रांगेत डोळे. ज्यांच्याबद्दल शंका येते त्यांची यादी होते, ती पोरं ग्रामीण रुग्णालयात जातात, नंबर निघतो, काही आठवड्यांनी फुकट चष्मे येतात. मान्यवरांच्या हस्ते वाटप, फोटो, फोटो ग्रुपवर. इथपर्यंत सगळं सुरळीत.

आता सातवीच्या वर्गात या. चष्मा मिळालेल्या पोरांपैकी निम्मीसुद्धा तो लावून बसत नाहीत. कारणं ठरलेली: घरी राहिला, काडी मोडली, लहान भावाने बसून फोडला. एक पोऱ्या तर सरळ म्हणाला, "सर, माले बठ्ठं दिखस" (मला सगळं दिसतं). म्हटलं, बरं, फळ्यावरचं उदाहरण वाच. बेट्याने शेजारच्याच्या वहीत मान घालून अख्खं उदाहरण वाचून दाखवलं. शेजारच्याने उतरवताना केलेल्या चुकीसकट!

पालकसभेत विषय काढला. वडील म्हणाले, "सर, आतापासून चष्मा लावला तर नंबर वाढत जाईल ना." एका मुलीची आई तर सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "शाळेत लावू द्या, पण गावात नको सांगा तिला."

तर प्रश्न असा की तपासणीपर्यंत सरकार आहे, पथक आहे. चष्मा हातात पडल्यानंतर कोण आहे? इथं डोळ्यांच्या क्षेत्रातले, शिक्षक, पालक असतील तर लिहा. उपदेश नको, काय केलं आणि काय चाललं ते सांगा.

तापीकाठचा_आबा

खडूवाला सर, आमच्या लहानपणी गावात सगळी मिळून चष्मा लावणारी दोनच माणसं होती, हेडमास्तर आणि पोस्टमन. पोरगं चष्मा लावतं हे कुणी ऐकलं नव्हतं. शेवग्याची भाजी, कळण्याची भाकरी, घरचं लोणी, एवढ्यावर डोळे ठणठणीत. आता पहिलीतल्या पोराच्या नाकावर चष्मा. मोबाईल काढून घ्या, गाजर खाऊ घाला, पहाटे गवतावर चालवा. नंबर पळून जाईल. पोरं चष्मा लावत नाहीत तर त्यांनाच जास्त कळतं असं समजा.

(आमच्या वर्गात मागे बसणारी चार पोरं 'ढ' म्हणून प्रसिद्ध होती. त्यांना फळा दिसत होता की नव्हता हे मात्र कुणी विचारलं नाही, हे मान्य करतो.)

सहा_बाय_सहा (धुळे जिल्हा)

आबा, कंसातलं वाक्य कंसाबाहेर काढा, तेच खरं उत्तर आहे :)

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. म्हणजे सरांच्या शाळेतली यादी माझ्यासारख्याच्या टेबलावर येते. सर, तुमच्या शाळेत काही जगावेगळं चाललेलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या शाळांमध्ये याच प्रश्नावर अभ्यास झाला होता, २०१३ साली प्रसिद्ध झाला. चष्मे देऊन सहा महिने ते वर्ष झालेल्या मुलांना परत जाऊन पाहिलं, तर चष्मा नाकावर असलेली साधारण ३० टक्के निघाली. पुण्यात ही गत, तर आपल्याकडे निम्मी म्हणजे तुम्ही बरेच पुढे आहात.

माझा अनुभव असा की मायनस (म्हणजे लांबचं धूसर) दोन-तीनचं पोर चष्मा सोडत नाही. चष्मा काढला की त्याला मास्तरांचा चेहराच दिसत नाही. सोडतं ते अर्धा-पाऊण नंबरवालं. त्याचं काम पुढच्या बाकावर बसून भागतं. अशांना चष्म्याची सक्ती करण्यापेक्षा जागा बदलून द्या आणि सहा महिन्यांनी परत तपासा. अर्ध्या नंबरासाठी पोराशी रोज भांडण करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या खात्यातल्या काहींना ते पटणार नाही.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. नंबरच चुकलेला असतो. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचिक असतं. कंप्युटरच्या मशीनमध्ये डोळा लावला की पोर जोर लावून बघतं, आणि मशीन नसलेला मायनस दाखवतं किंवा असलेला प्लस (जवळचं बघताना डोळ्याला ताण देणारा नंबर) दडवतं. म्हणून मुलांचा नंबर बाहुली मोठी करणारे आणि भिंगाचा हा जोर सैल करणारे थेंब टाकून काढायचा असतो. आता थेंब टाकले की औषधानुसार एक दिवस ते आठ-दहा दिवस जवळचं धूसर दिसतं, उजेड सोसत नाही. एप्रिलमध्ये पोराला थेंब टाकून एसटी स्टँडवर पाठवलं तर ते डोळेच उघडत नाही, आणि बाप तासाभरात परत येऊन दारात उभा, "साहेब, पोराचं दिसणं गेलं!" हे सगळं समजावून सांगायला वेळ लागतो. एका दिवसात शंभर पोरं उरकायची असतील तर तो कुठून आणायचा? मग काही ठिकाणी मशीनच्या चिठ्ठीवरच चष्मा बनतो. तो लावला की कपाळ दुखतं, पोर चष्मा काढून ठेवतं. तिथे पोरगं शहाणं आणि चष्मा खोटा.

तेव्हा सर, न लावणाऱ्या प्रत्येकाला आधी एवढंच विचारा: लावल्यावर फळा स्पष्ट होतो का, डोकं दुखतं का, फ्रेम कुठे रुतते का. स्पष्ट होत नाही किंवा डोकं दुखतं म्हणाला तर ओरडू नका, परत आमच्याकडे पाठवा आणि "थेंब टाकून नंबर काढावा" असं चिठ्ठीवर लिहा. मुख्याध्यापकाचा शिक्का असलेली चिठ्ठी आली की कुणालाही मनावर घ्यावंच लागतं.

आणि "लावल्याने नंबर वाढतो" याबद्दल. मायनस नंबर वाढतो कारण वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांब होत जातो. चष्मा लावा नाहीतर पेटीत ठेवा, तो वाढायचा तर वाढणारच. मलेशियात मुद्दाम कमी नंबरचे चष्मे देऊन पाहिले होते, २००२ साली ते प्रसिद्ध झालं. त्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्तच वाढला. पालकसभेत हे सांगा.

फ्रेमवाला (अमळनेर)

माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे मी आपल्याच धंद्याचं बोलतोय असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. 'कुठे रुतते का' हा प्रश्न साहेबांनी शेवटी टाकला, मी पहिला टाकला असता.

फुकट चष्म्यात फ्रेमचे दोन-तीनच साइज येतात. दहा वर्षांच्या किरकोळ पोराला मोठ्या माणसाची फ्रेम दिली की ती नाकाच्या शेंड्यावर येते आणि पोर चष्म्याच्या वरून बघायला लागतं. नुसतं वाईट दिसतं एवढ्यावर भागत नाही. काचेचा मध्य बाहुलीसमोर यावा लागतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर न मोजता काच बसवली तर नंबर बरोबर असूनही डोळे ओढल्यासारखे होतात. पोराला हे सांगता येत नाही, ते म्हणतं "नको वाटतो".

पालकांना माझं सांगणं: चष्मा कुठूनही मिळालेला असो, जवळच्या दुकानात नेऊन काड्या कानामागे वाकवून घ्या, नाकाचे पॅड जुळवून घ्या. याचे पैसे घेणारा दुकानदार आमच्या लाइनीत तरी मला माहीत नाही. लहान मुलांना काच नको, प्लास्टिकचीच पाहिजे, आणि खेळणाऱ्या पोराला परवडत असेल तर पॉलिकार्बोनेट, ती फुटून डोळ्यात जात नाही. कानामागून इलॅस्टिकची पट्टी लावली की विटीदांडू खेळतानाही चष्मा पडत नाही.

सर, तुम्ही टेबलाच्या खणात चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणि चार स्क्रू ठेवा. 'मोडला' म्हणून घरी पडलेल्या चष्म्यांत निघालेला स्क्रू हेच दुखणं जास्त असतं, आणि त्यासाठी बाप एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येत नाही. बरोबरच आहे त्याचं.

पुसायचं म्हणाल तर आपल्याकडची धूळ आणि शर्टाची बाही एकत्र आली की महिन्याभरात काचेवर रेघाच रेघा. आधी पाण्याखाली धरा, मग पुसा. आणि मे महिन्यात चष्मा पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवू नका किंवा मोटरसायकलच्या डिकीत टाकू नका. आपल्या ४५ डिग्रीत फ्रेम वाकडी होते. मग म्हणतात सरकारी माल हलका.

भुसावळकरीण

आमचं थोडं वेगळं प्रकरण, पण धाग्यात असावं म्हणून लिहिते.

मुलगा केजीत होता. शाळेतल्या तपासणीत एका मॅडमनी एकेक डोळा झाकून चित्रं ओळखायला सांगितली. उजवा झाकला की तो रडायला लागला, झाकू देईना. दोन्ही उघडे असताना तोच मुलगा रेल्वे फाटकापासून गाडीचा डबा कुठला ते सांगायचा. आम्हाला कसं कळणार होतं? तिरळेपणा नाही, डोळ्यातून पाणी नाही, काही नाही. डाव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर निघाला. डॉक्टर म्हणाले आळशी डोळा. डोळा निरोगी आहे, पण मेंदूला त्याच्याकडून सतत धूसर चित्र मिळालं म्हणून मेंदूने त्याचं ऐकणं सोडून दिलंय. सात-आठ वर्षांच्या आत उपचार केला तर फायदा सगळ्यात जास्त, पुढे पुढे कमी होत जातो.

उपचार काय, तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. आम्हाला रोज दोन तास सांगितली होती, कुणाला सहा तासही सांगतात. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "जो डोळा बरा आहे तोच झाकता?" त्यांना समजावणं मुलाला समजावण्यापेक्षा अवघड गेलं. आणि मे महिन्यात भुसावळात डोळ्यावर पट्टी चिकटून राहील तर शपथ! घामाने दहा मिनिटांत सुटायची. मग संध्याकाळी अंघोळ झाली की कूलरसमोर बसवून पट्टी, आणि त्या वेळात चित्र रंगवणं किंवा कॅरम. पट्टी कातडीला चिकटणारीच घ्या. चष्म्याच्या काचेवर लावली की मुलं बाजूने बघतात, लबाड असतात.

आता तो तिसरीत आहे. डावा उजव्याइतका नाही, पण खूप सुधारलाय. खडूवाला सर, माझी एकच विनंती. तुमच्या पहिलीतल्या मुलांचे डोळे एकेक झाकून बघा. दोन्ही उघडे ठेवून तपासणं म्हणजे न तपासणंच आहे.

तापीकाठचा_आबा

सासूबाईंचं चुकलं नाही हो. मलाही तुमचं वाक्य दोनदा वाचावं लागलं.

सहा_बाय_सहा

भुसावळकरीण ताईंना पूर्ण अनुमोदन. दोन गोष्टी जोडतो.

डोळा पोराच्या स्वतःच्या हाताने झाकू देऊ नका. बोटांच्या फटीतून बघतात, नाहीतर तळहाताने डोळा इतका दाबतात की नंतर त्या डोळ्याने मिनिटभर धूसरच दिसतं. पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. आणि रांगेतली पोरं तक्त्यापासून लांब, पाठमोरी उभी करा, नाहीतर पाचव्या पोरापर्यंत ओळ पाठ झालेली असते.

दुसरं, लांबचा तक्ता प्लस नंबर पकडत नाही. पोर जोर लावून ६/६, म्हणजे चांगल्या नजरेची बारीक ओळ, वाचून दाखवतं आणि संध्याकाळी डोकं धरून बसतं. अभ्यासाला बसलं की डोकं दुखतं, पण लांबचं सगळं वाचतं, अशा पोराला "नाटक करतो" म्हणायच्या आधी आमच्याकडे पाठवा. प्लस दोनचा चष्मा लावूनही त्याला लांबची ओळ वाचता आली, तर प्लस दडलेला असण्याची दाट शक्यता. साधी युक्ती आहे.

आणि फोटोत फ्लॅशने एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, तर कुठल्याही शिबिराची वाट बघू नका, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ. तो डोळ्यातला कॅन्सर असू शकतो आणि त्यात वेळ फार महत्त्वाची.

ढापणी (शहादा)

माझं नावच वाचा, म्हणजे कळेल. हे नाव मला वर्गातल्या मुलांनी दिलं, मी ठेवून घेतलं. आता बी.एस्सी.ला आहे.

सर, त्या आईला वाईट समजू नका. मी आठवीत चष्मा लावला तेव्हा आत्या माझ्यासमोर आईला म्हणाली, "पोरीची जात, आतापासून चष्मा, पुढे बघायला येणाऱ्यांना काय सांगशील?" तेव्हापासून मी गावात उतरले की चष्मा दप्तरात, शाळेच्या फाटकात डोळ्यावर. हॅंडपंपावर शेजारच्या काकूंना ओळखलं नाही म्हणून काकूंनी घरी तक्रार केली, पोरगी फार शेफारली. म्हणजे चष्मा लावला तर लग्न नाही आणि नाही लावला तर शिष्टपणा!

माझ्या बाबतीत एकाच गोष्टीने फरक पडला. विज्ञानाच्या मॅडम स्वतः चष्मा लावायच्या, आणि "बॅटरी" म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मलाही म्हण बघू." त्यानंतर वर्गात तरी बंद झालं. घरातलं मात्र दहावीच्या निकालाने बंद केलं.

फ्रेमबद्दल काकांना प्लस वन. मुलींना रंग निवडू द्या हो. सगळ्यांना एकच काळी जाड फ्रेम दिली की लांबून कळतं, सरकारी चष्मा. निळी-लाल निवडायला दिली असती तर मी पहिल्या वर्षीही दप्तरात ठेवली नसती.

वसतिगृह_धडगाव

आमच्याकडची परिस्थिती ऐका, मग चोपडा म्हणजे शहर वाटेल.

मी अक्राणी तालुक्यात आश्रमशाळेवर आहे. आमच्या पोरांची घरची बोली पावरी किंवा भिली. पहिली-दुसरीत इंग्रजी अक्षरांचा तक्ता लावला तर पोर गप्प. दिसत नाही म्हणून गप्प की अक्षर येत नाही म्हणून गप्प? लाजतं म्हणूनही असेल. त्यासाठी इंग्रजी ई चारी बाजूंना वळवलेला तक्ता येतो, तोच वापरावा. ई चे पाय जिकडे आहेत तिकडे बोट कर म्हटलं की भाषा लागत नाही, हाताने दाखवतं. आधी पुठ्ठ्याचा मोठा ई कापून जवळून खेळ घ्या, मग तक्त्याकडे जा.

वसतिगृहाचा फायदा असा की चष्मा रोज माझ्या नजरेसमोर. तोटा असा की पोरं तो पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवतात, कारण ती त्यांची सगळ्यात महागाची वस्तू. "हरवला तर घरचे मारतील." आम्ही मग जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर नावं लिहून खिळे मारले. रात्री चष्मा खिळ्यावर, सकाळी प्रार्थनेला डोळ्यावर. कुलपाचा प्रश्न मिटला.

गावातल्या शाळांत मोठा घोळ वेळेचा होतो. तपासणी पावसाळ्यात, चष्मा येतो दिवाळीनंतर, आणि दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली. पोरं सोबत. चष्मा केंद्रशाळेच्या कपाटात. होळीला घरं परत येतात तोवर वर्ष संपत आलेलं. माझ्या मते आमच्याकडे तपासणी शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात व्हावी आणि चष्मा पोळ्याच्या आत हातात यावा, नाहीतर कागदावरचं काम.

आणि आबा, गाजराचं पूर्ण खोटं नाही. गाजराने नंबर जात नाही, पण अ जीवनसत्त्व कमी पडलं की दिवेलागणीला पोर ठेचकाळतं, ताट शोधायला चाचपडतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका येतो. दुर्लक्ष केलं तर बुबुळ जातं. म्हणून तर अंगणवाडीत नवव्या महिन्याला एक लाख युनिट आणि पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस असतात. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा, अंडं हे सगळं त्यासाठी चालतं. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर.

अजून एक, तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची ट्यूब. पोरं ती दाबून खेळतात, उडाली की थेट डोळ्यात. चुना बुबुळ जाळतो. तिथल्या तिथे डोळा उघडा धरून वाहत्या पाण्याने अर्धा तास धुवायचा, मग गाडी शोधायची. आधी गाडी शोधाल तर डोळा जाईल.

केळीबाग (रावेर)

सगळं वाचलं, पण मोबाईलवर आबांशिवाय कुणीच बोललं नाही. आमच्या घरात दोघांना नंबर लागलाय, दोघेही दिवसभर त्यात. मोबाईल बंद केला तर नंबर थांबेल का?

सहा_बाय_सहा

लागलेला नंबर उतरणार नाही. मोबाईल असो, पुस्तक असो, जवळचं बघणं सतत चालू आणि उघड्यावर जाणं बंद, हे दोन्ही मिळून घात करतात. त्यातलं उघड्यावर जाणं आपल्या हातात जास्त आहे. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या पोरांना रोज ४० मिनिटं जादा मैदानात ठेवलं. तीन वर्षांनी इतर शाळांत ३९.५ टक्के पोरांना मायनस नंबर लागला होता, या शाळांत ३०.४. कुठलंही औषध नाही, फक्त बाहेरचा उजेड. २०१५ सालचा अभ्यास आहे.

आपल्याकडे उजेडाची काय कमी! पण सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी मोबाईल, असं पोर रावेरलाही सावलीतच वाढतंय. मे महिन्यात दुपारी बाहेर काढा असं मी म्हणत नाहीये, सकाळी ७ ते ९ काढा. कडुलिंबाच्या सावलीतसुद्धा वर्गखोलीपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो, तो चालतो. नंबर भराभर वाढत असेल तर अॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब रोज रात्री देतात, पण ते नेत्रतज्ज्ञाने ठरवायचं, यूट्यूबने नाही.

बिनचिठ्ठी (पाचोरा, औषधी दुकान)

थेंबांचा विषय निघालाच आहे तर काउंटरच्या या बाजूने सांगतो.

फेब्रुवारी-मार्चपासून वारा सुटला, धूळ उडायला लागली की आमच्याकडे रांग लागते. आठ-दहा वर्षांची पोरं, मुलगे जास्त, डोळे लालभडक, चोळून चोळून कातडी काळी पडलेली. बाप म्हणतो, "मागच्या वेळचेच थेंब द्या, एका दिवसात फरक पडला होता." ती बाटली म्हणजे स्टेरॉइड. बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन नाहीतर बीटामेथासोन लिहिलेलं असतं. फरक पडतो हे खरंच. पण महिनोन्महिने टाकत राहिलं तर आत डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही आणि पोर तक्रारही करत नाही, कारण कडेची नजर आधी जाते.

मी चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, मिळतं. माझ्या आयडीचं नाव त्या रागातून आहे.

खाज सुटली की थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, बाहेरून आल्यावर तोंड धुवा, आणि ॲलर्जीवर वेगळे थेंब असतात ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. चोळणं मात्र थांबवायलाच पाहिजे. वर्षानुवर्षं चोळून बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, मग चष्म्यानेही नीट दिसत नाही.

खडूवाला

मंडळी, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आमचं ठरलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा.

न लावणाऱ्या सगळ्यांना सहा बाय सहा साहेबांचे प्रश्न विचारून झाले. "लावला की जमीन वर-खाली होते" असं सांगणारी निघाली, त्यांच्या चिठ्ठ्या थेंबांच्या शेऱ्यासह तयार आहेत. ज्यांचे नुसते स्क्रू गेले होते ते चष्मे गावातल्या घड्याळवाल्याने बसवून दिले, पैसे घेतले नाहीत. धडगावच्या सरांचे खिळे वर्गात मारणार नाही, पण फळ्याशेजारी एक ट्रे ठेवलाय. ज्याला घरी न्यायची भीती त्याने शाळेत ठेवून जावा. निदान शाळेपुरता तरी डोळ्यावर राहील. पालकसभेला ढापणी ताईंसारखी गावातली कॉलेजची मुलगी बोलावतोय, माझ्यापेक्षा तिचं ऐकतील.

आणि पथकाची वाट न बघता पहिली-दुसरी आम्हीच चाळणार. एक शंका. ई चा तक्ता व्हॉट्सॲपवर आला होता, तो छापून घेतला. सुतळीला सहा मीटरवर गाठ मारून ठेवली आहे. चालेल?

सहा_बाय_सहा

सुतळी चालेल, तक्ता पट्टी लावून मोजल्याशिवाय नको. सहा मीटरवरून बघायच्या ६/९ च्या (६/६ पेक्षा जरा मोठ्या) ओळीतल्या ई ची उंची साधारण १३ मिलिमीटर असावी लागते. छापताना कागद बसवायला प्रिंटर आकार बदलतो.

खडूवाला

मोजलं. ११ भरलं.

सहा_बाय_सहा

मग चांगली पोरंही नापास होतील आणि माझ्या टेबलावर अर्धं गाव येईल. तो कागद फाडा. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे ६/९ चं तपासणी कार्ड मागा, शाळेतल्या तपासणीसाठीच असतं. सोबत शिक्षकांपैकी एकाला घेऊन जा, अर्ध्या तासात शिकवतील. ओपीडी दुपारी रिकामी असते, तेव्हा जा.

खडूवाला

सोमवारी जातो. पहिलीच्या बाईंना सोबत नेतो, पोरं त्यांच्याशीच बोलतात.

तापीकाठचा_आबा

जाताना पुठ्ठा घेऊन जा सर. बोटांच्या फटीतून बघायची विद्या आमच्याच पिढीने पोरांना दिली आहे.